‘व्हिजिट’ : पाहायला येणाऱ्यांचा शब्द

१/ डॉक्टर रुग्णालयात ‘व्हिजिट’ला येतात, अभियंते ‘साइट व्हिजिट’ करतात आणि साहेबांची ‘व्हिजिट’ ठरली की शाळेचा फळा आदल्या दिवशीच लख्ख होतो. मावशीच्या घरी मात्र कोणी ‘व्हिजिट’ला जात नाही, तिला भेटायला जातात. इंग्रजीत या दोन्ही गोष्टींना एकच शब्द पुरतो. मराठीने तो उसना घेताना त्यातला तपासणीचा अर्थ तेवढा उचलला, आणि शब्दाच्या इतिहासात तोच अर्थ अधिक जुना आहे.

२/ लॅटिनमध्ये ‘विदेरे’ म्हणजे पाहणे. त्यावरून ‘विसेरे’ म्हणजे न्याहाळणे, जाऊन पाहणे. आणि हीच क्रिया वारंवार घडते हे दाखवणारे रूप ‘विसितारे’. तेराव्या शतकात तो शब्द इंग्रजीत स्थिरावला, काही अंशी जुन्या फ्रेंचमधून तर काही अंशी थेट लॅटिनमधून. व्हिजन आणि व्हिडिओ हे त्याचेच भाऊबंद. ‘व्हिसा’चा शब्दशः अर्थ ‘पाहिलेला’, म्हणजे अधिकाऱ्याने नजरेखालून घातलेला कागद.

३/ संस्कृतातील ‘विद्’ हा धातूही याच आदिम इंडो-युरोपीय मुळातून आला. फरक एवढाच की तिथे पाहण्याचे जाणणे झाले आणि त्यातून ‘वेद’ व ‘विद्या’ हे शब्द घडले. ‘व्हिजिट’च्या मुळाशी ना भेट आहे ना पाहुणचार, आहे तो केवळ डोळा. प्रश्न एवढाच, की तो डोळा कोणाचा?

४/ आरंभी तो ईश्वराचा होता. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यांनी बायबलचे लॅटिन भाषांतर हाती घेतले. हिब्रूतील ‘पाकद’ या क्रियापदात लक्ष पुरवणे, शिरगणती करणे, जाब विचारणे असे अनेक अर्थ आहेत. जेरोम यांनी त्यासाठी बऱ्याच ठिकाणी ‘विसितारे’ योजले. त्यामुळे वृद्ध सारेला पुत्र देणारा देवही तिला ‘व्हिजिट’ करतो आणि बापाच्या पापाचे शासन मुलांना करणारा देवही तेच करतो. १६११ च्या इंग्रजी बायबलनेही हे दोन्ही प्रयोग राखले. नजर पडली की कृपा होईल की कोप, हे पाहिल्या जाणाऱ्याच्या हाती नव्हते.

५/ मग हा डोळा अधिकाऱ्यांकडे आला. बिशप आपल्या अखत्यारीतील चर्चची तपासणी करी, तिचे नाव ‘व्हिजिटेशन’. १५३० पासून इंग्लंडच्या राजाचे हेराल्ड, म्हणजे कुलचिन्हांची नोंद ठेवणारे अधिकारी, परगण्या-परगण्यांत जाऊन घराण्यांचे दावे तपासू लागले. ज्याचा दावा खोटा ठरे, तो कुलीन नसल्याचे जाहीरपणे पुकारले जाई.

६/ १५३५ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने मठांकडे ‘व्हिजिटर’ धाडले. त्यांनी भिक्षूंच्या दुराचाराच्या नोंदी जमवल्या. १५३६ च्या कायद्याने वार्षिक दोनशे पौंडांहून कमी उत्पन्नाचे मठ बंद झाले, आणि १५४० पर्यंत इंग्लंड-वेल्समधील सुमारे आठशे मठांपैकी एकही उरला नाही.

७/ हीच पदवी गोव्यातही पोहोचली होती. १५७४ मध्ये तेथे उतरलेला इटालियन जेझुइट आलेस्सांद्रो वालिन्यानो याचे पदच मुळी ‘व्हिजिटर’ हे होते. त्याच्या अधिकाराचा पल्ला जपानपर्यंत होता. तो अतिथी म्हणून आलेला नव्हता; रोममधील सर्वोच्च प्रमुखाच्या वतीने हिशेब घ्यायला आला होता.

८/ १६६५ मध्ये लंडनला प्लेगने ग्रासले. ज्या घरात रोग शिरला, त्याला सरकारी आदेशात ‘व्हिजिटेड’ घर म्हटले गेले. दाराच्या मध्यभागी एक फूट लांबीची तांबडी फुली रंगवायची आणि घरच्यांना आतच कोंडायचे, असा दंडक होता. देवाची नजर पडलेले घर! त्या वर्षी जूनमध्ये सॅम्युअल पेपिसने ड्रुरी लेनमध्ये अशा फुल्या पाहिल्याची नोंद आपल्या रोजनिशीत केली.

९/ सहज गप्पांसाठी एखाद्याकडे जाणे, हा ‘व्हिजिट’चा अर्थ त्याच सतराव्या शतकात रुळू लागला. पुढे व्हिजिटिंग कार्डाची प्रथा आली. पाहुणा आधी नावाचे कार्ड आत पाठवी आणि ते पाहून भेटायचे की नाही हे यजमान ठरवी. वरकरणी हा शिष्टाचार. प्रत्यक्षात मोठा पालट. ज्याच्याकडे पाहायचे, त्याला प्रथमच नकाराचा अधिकार मिळाला. तपासणी आणि भेट यांच्यामधली भिंत या परवानगीचीच आहे.

१०/ ही भिंत कोसळली की काय होते, हे पुण्याने १८९७ मध्ये अनुभवले. प्लेगचे रुग्ण शोधण्यासाठी वॉल्टर चार्ल्स रँड याच्या देखरेखीखाली गोरे सैनिक घरोघर शिरू लागले. सरकारच्या लेखी तो रोगप्रतिबंध होता, आणि साथ खरोखरच भीषण होती. पण स्वयंपाकघरात आणि देवघरात बुटांनिशी शिरणारे सैनिक पाहून पुणेकरांना आपल्या घरावर आपला हक्क उरला नाही असे वाटले. २२ जून १८९७ च्या रात्री दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. ३ जुलैला तो मरण पावला.

११/ पाहण्याची ही सारी रूपे मराठीच्या स्वतःच्या क्रियापदातही आहेत. सरकारी माणूस पिकांची पाहणी करतो. आजाऱ्याला पाहायला जातात, तेव्हा त्यात माया असते. मुलगी पाहायला येतात, तेव्हा पोह्यांच्या बशीआडून तपासणीच चाललेली असते. क्रियापद एकच, पाहिल्या जाणाऱ्याला नाही म्हणता येते की नाही, यावर त्याचा अर्थ ठरतो.

१२/ ‘भेट’ मात्र दोघांची असते. भरतभेटीत कोण कोणाला भेटला, हा प्रश्नच उद्भवत नाही. आणि दिलेल्या वस्तूलाही मराठी ‘भेट’च म्हणते. म्हणूनच साहेबांसाठी ‘व्हिजिट’ हा शब्द घेतला गेला, तरी मावशीचे दार ‘भेटी’साठीच राहिले.