एक सिम्युलेटर, तीन घरं

आमच्या धंद्यातलं सगळ्यात फसवं वाक्य कुठलं असेल, तर "आधी इन्स्टॉल करून घ्या, मग मुद्द्याचं बोलू." जणू काही इन्स्टॉल करणं म्हणजे उंबऱ्यावर चपला काढण्याइतकंच काम! पुस्तकात त्याला अर्धं पान, कॉलेजच्या जर्नलमध्ये एक ओळ आणि परीक्षेत शून्य मार्क. प्रत्यक्षात निम्म्या लोकांची गाडी त्या अर्ध्या पानावरच पंक्चर होते. आजचा लेख त्या अर्ध्या पानाविषयी.

निमित्त माझ्या पुतणीचं. आमचं गाव अणदूर. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग सोडलं की थोड्या अंतरावर लागतं ते. दादा शेती बघतो, पुतणी सोलापूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्टचा विषय तिनं स्वतः निवडलेला : द्राक्षबागेत जमिनीची ओल मोजणारे सेन्सर लावले, तर त्यांनी एकमेकांच्या मदतीनं माहिती घरापर्यंत कशी पोचवावी, म्हणजे बॅटरी कमी खर्च होईल? आता खरे पन्नास सेन्सर घेऊन बागेत लावायचे तर बागच विकावी लागेल. म्हणून सिम्युलेशन. सेन्सर, त्यांच्यातलं अंतर, रेडिओ, पॅकेट, सगळं प्रोग्रॅममध्ये उभं करायचं आणि काय होतं ते बघायचं.

तिनं आधाराला घेतलेल्या पेपरमध्ये काम केलं होतं एनएस-२ वर. 'नेटवर्क सिम्युलेटर' ह्या घराण्यातला हा जुना गडी. आत सी++, वरून ओटीसीएल नावाच्या भाषेतल्या स्क्रिप्ट. भारतातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत ह्यानं एक काळ गाजवलाय. सीनियर्सकडून आलेली एक पीडीएफ होती, तिच्याबरहुकूम बाईसाहेब कामाला लागल्या. दोन दिवसांनी रात्री फोन. "काका, काहीच होईना झालंय. एलएस डॉट एच म्हणून फाईल आहे, तिथंच येऊन पडतंय. नेटवर सगळे म्हणतात 'इरेज'च्या आधी 'धिस' लिहा न् बाण काढा. लिहिलं की पुढं जातंय, पण का जातंय?"

हा 'का' ऐकून मला फार बरं वाटलं. कारण त्या एका शब्दात अख्खी गोष्ट आहे. एनएस २.३५ ही आवृत्ती आली नोव्हेंबर २०११ मध्ये. जीसीसी हा कंपायलर ४.७ वर गेला मार्च २०१२ मध्ये, म्हणजे चारच महिन्यांनी. टेम्प्लेटमध्ये मूळ क्लासचं फंक्शन नुसत्या नावानं हाक मारून बोलावलेलं जुना जीसीसी चालवून घ्यायचा. ४.७ पासून त्यानं सी++ चा नियम काटेकोर पाळायला सुरुवात केली. 'इरेज' कोणाचं ते स्पष्ट सांग, म्हणजेच आधी 'धिस' लिही. कोड तोच, खालची जमीन सरकली. तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या तो बाण काढतायत कोण जाणे! बहुतेकांना तो मंत्र म्हणून माहीत, अर्थासकट फार थोड्यांना.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन. "अरे, सोलापुरात एक जण रेडी प्रोजेक्ट देतोय म्हणे. पेन ड्राइव्ह, रिपोर्ट, पीपीटी सगळं. बारा हजार. रडकुंडीला आलीय पोरगी, देऊन टाकू का?" सोयाबीनचे पैसे नुकतेच आले होते, म्हणून हा दानशूरपणा. मी म्हटलं, "दादा, पंधरा दिवस थांब."

म्हटलं खरं, पण पंधरा दिवसांत जमवायचं काय काय होतं बघा. गाइडनी एक सवलत दिली होती : तुलना त्याच प्रोटोकॉलची हवी, सिम्युलेटर नवा चालेल. म्हणून आम्ही एनएस-३ कडे वळलो. नाव एकाच घराण्याचं असलं तरी ही एनएस-२ ची पुढची आवृत्ती नव्हे. २००६ साली नव्यानं लिहायला घेतलेला हा वेगळा प्रकल्प, पहिली आवृत्ती २००८ ची. ओटीसीएल गेलं, सगळं सी++ मध्ये, हवं तर पायथनमध्ये. एनएस-२ च्या स्क्रिप्ट त्यावर चालत नाहीत.

आणि हे चालायला हवं होतं तीन ठिकाणी. तिच्या विंडोज लॅपटॉपवर, जिथे ती रोज काम करणार. कॉलेजच्या लॅबमधल्या उबंटूवर, जिथे परीक्षकांसमोर दाखवायचं. आणि पुण्यात माझ्या मॅकवर, म्हणजे अडलं की मी बघू शकेन.

पहिलं घर, विंडोज. लॅपटॉप सेकंडहँड, रॅम ४ जीबी. सीनियर्सनी दिलेलं व्हर्च्युअल मशीन त्यावर लावलं की माउससुद्धा विचार करून हलायचा. एनएस-३ विंडोजवर चालवायचा सोपा रस्ता म्हणजे डब्ल्यूएसएल, विंडोजच्या पोटातलं लिनक्स. मायक्रोसॉफ्टनं हे २०१६ मध्ये आणलं. आता ह्याची दुसरी आवृत्ती मूळच्या हिशेबानं मशीनची निम्मीच रॅम लिनक्सला देते. म्हणजे हिच्याकडे २ जीबी. कंपायलर अर्ध्या वाटेवर 'किल्ड' एवढा एकच शब्द बोलून प्राण सोडायचा. तिला वाटलं कोडमध्ये चूक आहे. चूक कोडमध्ये नव्हतीच. चार फायली एकदम कंपाईल करायला घेतल्या की मेमरी संपते, आणि लिनक्स सगळ्यात खादाड प्रोसेसला उचलून बाहेर फेकतं. उपाय तीन. डब्ल्यूएसएलच्या सेटिंगमध्ये मेमरी आणि स्वॅप वाढवले. एका वेळी एकच फाईल कंपाईल करायला सांगितलं. आणि एनएस-३ ची सगळी मॉड्यूल्स न घेता लागणारीच घेतली : वायफाय, मोबिलिटी, इंटरनेट, एओडीव्ही, ओएलएसआर वगैरे. एलटीईचं बागेत काय काम?

आणखी एक गंमत. तिनं फोल्डर ठेवला होता सी ड्राइव्हवर. डब्ल्यूएसएलमधून सी ड्राइव्हवरच्या फायली वाचायच्या म्हणजे मधे दुभाषी बसवून गप्पा मारण्यासारखं. होतं, पण वेळ लागतो. आणि इथे तर हजारो छोट्या फायली. फोल्डर लिनक्सच्या होम डिरेक्टरीत हलवला आणि फरक लगेच दिसला. तरी पहिल्या बिल्डला सव्वातीन तास लागलेच. रात्री लावलं आणि वीज जाऊ नये म्हणून प्रार्थना. बाकी डाउनलोडचा हिशेबही होता. मोबाईलचा रोजचा दीड जीबी डेटा, तोच हॉटस्पॉटनं लॅपटॉपला. आपण पुण्या-मुंबईत बसून "हे एकदा डाउनलोड करून टाक" असं म्हणतो ना, तेव्हा समोरच्याचा तो दिवस संपलेला असतो.

दुसरं घर, लॅबमधलं उबंटू. लिनक्स म्हणजे एनएस-३ चं माहेर, इथे काय अडणार? अडलं! मशीन जुनी, उबंटू जुनं, कंपायलरही त्याच वयाचा. नव्या एनएस-३ ला सी++ चं नवं स्टँडर्ड लागतं, ते ह्या कंपायलरला पुरतं कळत नाही. ॲडमिनचा पासवर्ड लॅब असिस्टंटकडे आणि ते रजेवर. पण इथे एक चांगली गोष्ट कामाला आली. एनएस-३ बांधायला आणि चालवायला ॲडमिन असावंच लागतं असं नाही. कंपायलर आणि पायथन आधीच असेल, तर बाकी सगळं स्वतःच्या होम डिरेक्टरीत होतं. सीमेक लागतं, तेही तयार बांधलेलं आणून घरातच ठेवता येतं. (एनएस-३ नं २०२२ मध्ये ३.३६ आवृत्तीपासून वाफ सोडून सीमेक धरलं. त्यामुळे जुन्या ब्लॉगवरच्या 'वाफ'वाल्या कमांड नव्या आवृत्तीवर टाकल्या की काहीच होत नाही. हे माहीत नसलं की संध्याकाळ वाया.)

तिसरं घर, माझं मॅक. इथे 'जीसीसी' असं टाईप केलं की उत्तर देतो तो क्लँग. नावाची पाटी जुनी, भाडेकरू दुसराच. २०२० नंतरच्या ॲपल चिपच्या मॅकवर होमब्रू सामान ठेवतं ते वेगळ्या फोल्डरमध्ये, जुन्या इंटेल मॅकसाठी लिहिलेल्या सूचनांमधला पत्ता चालत नाही. आणि मोठी अडचण वॉर्निंगची. एनएस-३ ची मंडळी शिस्तीची. बिल्डमध्ये वॉर्निंगलाच एरर मानायची सोय त्यांनी करून ठेवलीय. आवृत्ती निघाली तेव्हा कोडमध्ये एकही वॉर्निंग नसते. पण दोन वर्षांनी आलेल्या क्लँगला नवे दोष दिसायला लागतात, आणि काल स्वच्छ असलेला कोड आज बांधलाच जात नाही. म्हणजे पुन्हा तेच, एनएस-२ च्या बाणासारखं. हा नियम कॉन्फिगर करताना बंद करता येतो. पण वॉर्निंग वाचून, ती निरुपद्रवी आहे ह्याची खात्री करून मगच.

थोडक्यात काय, तर नवी आवृत्ती लॅबला झेपेना आणि जुनी माझ्या मॅकला रुचेना. मग ठरवलं कसं? बैलगाड्यांचा तांडा निघाला की वेग ठरतो सगळ्यात मागच्या गाडीवरून. लॅबमधला कंपायलर जी नवीत नवी आवृत्ती बांधू शकेल ती घेतली, आणि तिन्हीकडे अगदी तीच. 'साधारण तीच' असा प्रकार नाही.

बाराव्या दिवशी तिन्ही मशीनवर तोच प्रोग्रॅम चालवला. पोचलेल्या पॅकेट्सचे आकडे तिन्हीकडे सारखे! पुतणीला आनंद व्हायच्या ऐवजी संशयच आला. "काका, रँडम आहे ना? मग सारखं कसं?" तर एनएस-३ चा रँडम जनरेटर त्याचा स्वतःचा आहे, ऑपरेटिंग सिस्टिमचा नाही. सुरुवातीचं बीज ठरलेलं असतं. आपण रन नंबर बदलला नाही, तर फासे दर वेळी तसेच पडतात. म्हणूनच एकाचा प्रयोग दुसऱ्याला तपासता येतो. वेगळे फासे हवेत तर रन नंबर बदला. तिनं मग प्रत्येक मांडणीचे दहा-दहा रन घेतले.

मी तिला एकच अट घातली होती. तीन वह्या घाल, प्रत्येक मशीनची वेगळी. टाकलेली प्रत्येक कमांड, आलेला प्रत्येक एरर आणि त्याचं कारण मराठीत लिही. शेवटी तिघींची मिळून दोन पानं झाली. ती वाचून दाखवताना तीच म्हणाली, "काका, हे आपल्या खंडोबासारखंच की!"

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे खंडोबाची देवळं दोन, एक अणदूरला आणि एक नळदुर्गला, मैलारपूर म्हणतात तिथे. मूर्ती मात्र एकच. वर्षातले दहाएक महिने देव अणदूरला असतो, उरलेला काळ नळदुर्गला. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा तिकडे भरते. आणि देव न्यायचा-आणायचा तो नुसत्या तोंडी भरवशावर नाही, दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. देव तोच, पण घर बदलायचं तर कागद लागतो. पोरीला जे अणदूरमध्ये राहून कळलं ते समजायला मला पुण्यात कंपनीत बरीच वर्षं लागली असती. सोर्स कोड सगळ्यांकडे एकच असतो. तो नव्या घरी नांदतो की नाही हे त्या कागदावर ठरतं.

रिव्ह्यूत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी थिअरी फारशी विचारलीच नाही. म्हणाले, "नोड पन्नासचे ऐंशी करून दाखवा." हिनं फाईल उघडली, आकडा बदलला, बिल्ड दिला. एकच फाईल बदललेली, त्यामुळे तेवढीच पुन्हा कंपाईल झाली. मिनिटभरात निकाल समोर. बारा हजारांच्या पेन ड्राइव्हमध्ये हे नसतं. दादाच्या त्या पैशांतून पुढे लॅपटॉपची रॅम ८ जीबी झाली.

आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघितलेत का? लिनक्सपासून कितीतरी विषयांचे छोटे छोटे पाठ, बरेचसे मराठीतसुद्धा. ऐकायचं, थांबवायचं, शेजारच्या खिडकीत स्वतः करून बघायचं. तिथे इन्स्टॉलेशनलाही पाठाचा मान असतो, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. पण तुमच्या कॉलेजमधलं ते अमुक मशीन आणि तो अमुक कंपायलर, ह्याचा पाठ दुसरं कोणी बनवणार नाही. तो तिथे बसलेल्यानंच लिहायला हवा.

तेव्हा ह्या वीकएंडला तुम्ही काहीही इन्स्टॉल करणार असाल, तर एक कागद शेजारी ठेवा. ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, कंपायलरची आवृत्ती, सॉफ्टवेअरची आवृत्ती, कमांड, एरर आणि 'का'. पुतणीची दोन पानं आता तिच्या ज्युनियर्सच्या व्हॉट्सॲपवर फिरतायत. त्यातल्या निम्म्या गोष्टी दोन वर्षांत जुन्या होतील, त्याला इलाज नाही. म्हणून सगळ्यात वर तिनं एक ओळ लिहिलीय, ती तुम्हीही लिहा : तारीख.