पडलेली कड

दुर्बिणीच्या आठ इंची आरशाचा मधला भाग कुणालाही जमतो. शेवटचे दोन मिलिमीटर जमत नाहीत. राळ-मेणाच्या पिचवर पॉलिश चढत असतं, वक्रता हवी तशी उतरत असते, आणि फूकोच्या चाचणीत आरशावरून परतणाऱ्या प्रकाशात ब्लेड सरकवलं की परिघाची चकाकी एका बाजूला दिसते, दुसऱ्या बाजूला नाही. कड पडली. पृष्ठभागाचा दोष साधारण ७० नॅनोमीटरच्या आत ठेवायचा, म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा हिस्सा, आणि पृष्ठभाग नेमका कडेला येऊन घसरतो. मग गुरू ग्रहाभोवती धूसर प्रभा पसरते आणि बघायला आलेली मंडळी म्हणतात, 'वा, किती छान.' त्यांना काय ठाऊक.

कड का पडते याची कारणं भरपूर. पिच मऊ आहे. नाही, कडक आहे. हात लांब मारला. दाब जास्त झाला. बोटांच्या उबेने कड फुगली, फुगलेली घासली गेली आणि गार झाल्यावर खाली बसली. यातलं प्रत्येक कारण एकेका आरशाला लागू पडतं आणि पुढच्याच आरशाला तोंडघशी पाडतं. तरी मला कुणी विचारलं की उत्तर जिभेवर तयार असे. कुर्ल्यात आमच्या गल्लीत मला 'आरसेवाले काका' म्हणतात, आणि हे नाव मला आवडतं. ठाण्या-डोंबिवलीची पोरं आपली काच कपड्यात गुंडाळून माझ्याकडे आणतात, मी ती दिव्यापुढे धरून 'हं' म्हणतो. त्या 'हं'मध्ये किती नाटक होतं ते माझं मला माहीत.

गेल्या पावसाळ्यापासून उजव्या अंगठ्यात जोर राहिलेला नाही. चहाचा कप धरता येतो, काच दाबता येत नाही. म्हणून या खेपेचा आरसा मी दाबलाच नाही. काच स्वतःच्या वजनाने जाईल तशी जाऊ दिली, हात फक्त वळवण्यापुरता. त्याची कड पडली नाही. चकाकी पुऱ्या परिघावर सारखी. आयुष्यात इतकी स्वच्छ कड मी काढलेली नाही.

अनुभवी माणूस लगेच म्हणेल, दाब कमी म्हणून कड शाबूत. अहो, हलका हात मी तरुणपणी मुद्दाम करून पाहिलाय, तेव्हाही पडली होती. शिवाय या खेपेला पिचसाठीची राळ नव्या दुकानातून आली होती, मेणाचं प्रमाण अंदाजाने टाकलं होतं, आणि दिवस जानेवारीचे. मे महिन्यात आमच्याकडे पिच रात्रभरात बसकण मारतं, त्यावरचे चर बुजून जातात. म्हणजे हात, पिच आणि हवा, तिन्ही एकदम बदललेली. यश कुणाच्या नावावर टाकू?

चाचणीला आठ फूट लागतात. आमच्या खोलीत ते दारापासून गॅसच्या ओट्यापर्यंतच मिळतात, म्हणून घरातली माणसं झोपल्यावर. त्यातून कुर्ला म्हणजे जंक्शन. मध्य आणि हार्बर दोन्ही मार्गांवर गाड्या चालू असेपर्यंत ब्लेडवरची सावली थरथरत राहते. शेवटची लोकल कारशेडला गेली की मधल्या काही तासांत काम. तरी टिळक टर्मिनसची एखादी लांब पल्ल्याची गाडी येतेच. पंखा बंद. प्रकाशाच्या वाटेत हात धरला तर तळव्यावरून उठणारी गरम हवा सावलीत धुरासारखी वर जाताना दिसते. काचेवर बोट थोडा वेळ टेकवून उचला, तिथे टेकाड उभं राहतं आणि बघता बघता विरतं. हे बघण्यासाठी मी अजूनही कारण नसताना बोट टेकवतो.

आता खरी गंमत. पॉलिश होतं म्हणजे काय होतं, यावरच एकमत नाही. न्यूटन पिचवर आरसे घासायचा आणि त्याला वाटे, पॉलिश म्हणजे नजरेला न दिसणारे बारीक ओरखडे. रॅलेने पाहिलं की सगळे खड्डे हळूहळू गुळगुळीत होत जात नाहीत. सर्वांत उंच जागा एकदम चकचकीत होतात आणि ती चकाकी पसरत जाते. बिल्बी म्हणाला, वरचा थर वाहतो. पुढे रसायनवाले आले: पाणी काचेचा पृष्ठभाग मऊ करतं आणि सीरियम ऑक्साईड त्याला रासायनिक बंधाने ओढून नेतं. यात तथ्य आहे असं आज बहुतेक मानतात, पण ओरखडेवाल्यांना पूर्ण मोडीत काढता आलेलं नाही. तीनशे वर्षं आपण प्रकाशाच्या लहरीहून बारीक काम करतोय आणि पिच व काच यांच्यामधल्या त्या चिखलात नेमकं काय चाललंय यावर अजून भांडतोय. मला हे वाचून आधी राग आला होता. नंतर इतका आनंद झाला की झोप येईना.

पिचचंही तसंच. क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ मध्ये पार्नेल नावाच्या प्राध्यापकाने पिच एका नरसाळ्यात ओतलं. २०१४ पर्यंत त्यातून फक्त नऊ थेंब पडले. पार्नेलनंतर अनेक वर्षं तो प्रयोग सांभाळणाऱ्या मेनस्टोनला एकही थेंब पडताना दिसला नाही. १९८८ मध्ये तो जरा बाहेर गेला होता, २००० मध्ये कॅमेरा बंद पडला, आणि नववा थेंब सुटण्याच्या काही महिने आधी तो गेला. असा माणूस माझ्या शेजारी राहायला हवा होता.

हबल दुर्बिणीचंही दुखणं कडेचंच. २.४ मीटरचा आरसा, परिघापाशी सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट. पण त्यांना कारण सापडलं: तपासणीच्या उपकरणातलं भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी. सापडलेल्या कारणाचा मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

हल्ली तयार चिनी दुर्बिणी मिळतात, आरसाही ठीक असतो. वांगणीला रात्री आकाशदर्शनासाठी पाचपंचवीस माणसं येतात, त्यांत स्वतः घासलेला आरसा एखादाच. यंत्रावर आरसे करणारे एक गृहस्थ मला म्हणाले, 'तुम्ही अजून हाताने?' त्यांच्या आरशांची कड मी पाहिली आहे. असो. मला जास्त खुपतं ते हे, की पोरं उत्तर घेऊनच येतात. प्रश्नाला मान देणारे खगोलशास्त्रज्ञ नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. सही मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न पाठव, उत्तराखाली सही मिळेल. स्वतः ते महास्फोटाच्या गर्दीत कधी सामील झाले नाहीत; १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर वेगळं विश्व मांडून बसले. ते चूक की बरोबर हे मी काय सांगणार? पण प्रश्न उघडा ठेवून इतकी वर्षं आरामात बसणारा माणूस मला फार जवळचा वाटत आला.

नेहरूनगरची एक मुलगी सध्या माझ्याकडे शिकते. बीएस्सीला आहे. ब्लेडमागे फोनचा कॅमेरा लावते, ते मला पसंत नाही. तिच्या वहीत प्रत्येक बैठकीपुढे एक रकाना आहे: 'का'. माझ्या जुन्या वह्यांत तो रकाना कायम भरलेला. तिचा बहुतेक रिकामा. माझ्या चांगल्या कडेपुढेही तिने काही लिहिलं नाही. मी म्हटलं, 'अगं, हात हलका म्हणून लिही की.' ती म्हणाली, 'काका, ते कळलंय कुठे अजून?'

आता तिने बेत आखलाय. एकाच पिचचे दोन लॅप, म्हणजे आरसा घासायच्या तबकड्या, एकाच महिन्यात. एका आरशावर माझा हात, दुसऱ्यावर तिचा. नंतर पिच बदलायचं, हात तेच. उन्हाळ्यात पुन्हा सगळं. वर्ष सहज जाईल, कदाचित दोन. माझा अंगठा तोवर आणखी बिघडला तर प्रयोगही बिघडेल, हे तिने वहीत नोंदवून ठेवलंय, माझ्या तोंडावर. काचा आणल्या आहेत, नागदेवी स्ट्रीटहून घासायचं कार्बोरंडमही आलंय. फक्त एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. प्रयोग निष्पक्ष हवा हे मला पटतं, पण निकाल हाताच्या बाजूने लागावा असं मला फार वाटतं. राळ विकणाऱ्याला श्रेय गेलेलं मला सहन होणार नाही.