सांगण्याचा हक्क

बारावीपर्यंत माझ्यापाशीं इंग्रजी शिकून पुढें डॉक्टर झालेल्या एका विद्यार्थ्यानें गेल्या महिन्यांत मला चमत्कारिक आमंत्रण दिलें. नुकत्याच रुग्णसेवेस लागलेल्या डॉक्टरांपुढें व परिचारिकांपुढें मीं तासभर बोलावें. विषय, रुग्णाचें गुपित आणि समाजमाध्यमें. "अरे, मी शेक्सपिअर शिकविणारा माणूस! नाडी कोठें लागते हेंहि मला धड ठाऊक नाहीं," मीं म्हटलें. "कायदा सांगणारे पुष्कळ आहेत, सर," तो म्हणाला. "आपण अक्कांची हकीकत सांगा."

अक्का माझी थोरली बहीण. तालुक्याच्या गांवीं तीस वर्षें शिक्षिका होती. चार वर्षांपूर्वीं तिच्यावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. मुलगा पुण्यास अभ्यास करीत होता. परीक्षा आठ दिवसांवर आलेली. ती आटोपली कीं आपण स्वतः त्याला सांगूं, तोंवर कोणीं अवाक्षर काढावयाचें नाहीं, अशी तिची आम्हांस सक्त ताकीद होती.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीं अक्कानें आपल्या लाल पेनानें त्यांतील ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुका दुरुस्त केल्या, आणि जवळ उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरणीला म्हणाली, "मुलाचे पेपर होऊं देत, मग सवडीनें रडेन." ती पोर हेलावून गेली. रात्रीं तिनें फेसबुकवर दहाबारा ओळी लिहिल्या. नांव नाहीं, गांव नाहीं, छायाचित्र नाहीं. होता तो केवळ आदर. परंतु अक्काच्या हाताखालून गेलेल्यांना त्या लाल शाईच्या बाई ओळखावयास कितीसा वेळ लागणार? दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत त्या ओळी फिरत फिरत भाच्यापर्यंत पोहोंचल्या. संध्याकाळीं त्याचा मला फोन आला. "मामा, सगळ्या गांवाला ठाऊक, आणि मला नाहीं?" एवढेंच तो बोलला.

अक्का त्या मुलीवर रागावली नाहीं. "तिनें वाईट कांहींच लिहिलें नाहीं रे," ती म्हणाली. "पण ती बातमी माझी होती. माझ्या लेकाला ती मला सांगावयाची होती."

व्याख्यानाची तयारी करतांना माझ्या ध्यानांत आलें कीं, या बाबतींत माझा धंदाहि निर्दोष नाहीं. इतकीं वर्षें मी विद्यार्थ्यांना सांगत आलों कीं, नांवानें माणूस उभा राहत नाहीं. एखाद्या नेमक्या तपशिलानें उभा राहतो. त्या मुलीनें तेंच केलें. तिनें चांगलें लिहिलें, म्हणूनच अक्का ओळखूं आली. नांव गाळलें म्हणजे गुपित राखलें, ही समजूत किती भाबडी!

चरकसंहितेच्या विमानस्थानांत शिष्याला केलेल्या उपदेशांत, रुग्णाच्या घरची हकीकत बाहेर नेऊं नये असें बजावलें आहे. केवळ नांव नव्हे, हकीकत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनींहि डॉक्टरला अपवाद दिले ते मोजकेच: न्यायालयाची आज्ञा, कोणास निश्चित व गंभीर धोका, आणि कायद्यानें कळवावयाचे रोग. ऑगस्ट २०२३ मध्यें राष्ट्रीय वैद्यक आयोगानें समाजमाध्यमांविषयीं स्वतंत्र सूचना असलेले नवे नियम काढले. पण त्याच महिन्यांत ते स्थगित होऊन २००२ चे नियम पुन्हा लागू झाले. नियम असे येतात नि थांबतात. त्यांच्यावर विसंबून माणसाला आपलें तोंड सांभाळतां येत नाहीं.

व्याख्यान संपतांना एका परिचारिकेनें विचारलें, "रात्रपाळींत मूल दगावतें. मग आम्हीं मन मोकळें करावयाचें तरी कोठें?" या प्रश्नापुढें मी क्षणभर गप्प झालों. नुसतें 'बोलूं नका' म्हणणें सोपें असतें. शेवटीं म्हटलें, "मनांतलें दुःख तुमचें आहे, तें वडीलधाऱ्या सहकाऱ्याजवळ, दार लावून, खुशाल सांगा. त्या घरची हकीकत मात्र तुमची नव्हे. ती लिहावीशी वाटली, तर आधीं ज्याची आहे त्याला विचारा."

हें सांगतांना मी मनांतून ओशाळलों होतों. अक्काची हकीकत माझ्या विद्यार्थ्याला कळली होती ती माझ्याच तोंडून, आणि तेव्हां मीं तिला विचारलें नव्हतें. व्याख्यानापूर्वीं मात्र विचारलें. हा लेखहि छापावयास देण्यापूर्वीं मीं तिला वाचून दाखविला, आणि जुना अपराध कबूल केला. तिनें शांतपणें ऐकून घेतलें. मग दोन वाक्यें काढावयास लावलीं. तीं मीं काढलीं आहेत.