चांदीपच्या वाटेवर नवी बॅटरी

शिरसाडहून वज्रेश्वरीला निघाले, की वाटेत वसई तालुक्यातले चांदीप लागते. १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी आप्पांनी ज्या देवीला नवस केल्याचे सांगतात, तिच्या दर्शनाची ही वाट. कालच नवी बॅटरी बसवलेली एखादी मोटार येथे वेग मंदावताच आचके देऊ लागते. बॅटरी बिचारी निर्दोषही असेल! जुनी काढताना आजच्या मोटारीतला संगणक हवा-पेट्रोलचा शिकलेला हिशेब विसरतो. प्रथम इंजिन बंद करून तारा घट्ट आहेत ना पाहावे. मग एसी न लावता इंजिन काही मिनिटे नुसते चालू ठेवावे. पुढे सावकाश हाकावी. बहुधा हिशेब जुळतो. न जुळल्यास थ्रॉटलवरची काजळी साफ करवावी. वडीलधाऱ्यांना घेऊन निघण्यापूर्वी गावातच एक फेरी मारलेली बरी.