सोबत्याला मारायची युक्ती

दिवाळीच्या सुटीत नातू चंद्रपूरला आला, की बैठकीची खोली त्याची होते आणि आमची रवानगी ओसरीवर. यंदा मात्र त्याने मला शेजारी बसवून घेतले आणि मोबाईलवर एक जुना जपानी खेळ दाखवला. 'फायनल फँटसी २' हे त्याचे नाव, १९८८ सालचा. चार सोबती, समोर राक्षस, आणि पाळीपाळीने वार.

खरी मौज पुढेच आहे. अशा इतर खेळांत लढाया जिंकून गुण साठले, की योद्धा एकेक इयत्ता वर चढतो. इथे इयत्ताच नाहीत! जे वापराल ते वाढते. तलवार चालवा, तलवारीवर हात बसतो. मंत्र म्हणत राहा, मंत्र पक्का होतो. मार खाल्ला, की प्राणशक्ती वाढते. मूळ खेळात तर ताकद वाढता वाढता बुद्धी घटायचीही. हे ऐकून आमच्या सौभाग्यवती माझ्याकडे पाहून उगाचच हसल्या.

"आणि आबाजी, एक युक्ती आहे," नातू म्हणाला, "राक्षसाला सोडून आपल्याच सोबत्यांना मारायचं. म्हणजे ते लवकर दणकट होतात."

मी गप्प झालो. ही युक्ती मला नवी नव्हती.

१९८६ साली मी गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याकडच्या एका जंगलगावात मास्तर होतो. मोहाच्या दिवसांत एक पोरगा रोज उशिरा यायचा. घरी गोंडी बोलणारा, पाढ्यांत कच्चा. मी रोज छडी द्यायचो. पोर दणकट व्हावे, एवढाच हेतू! त्याचा अपराध काय? अंधार सरायच्या आत टोपली घेऊन तो मोहफुले वेचायला जाई. त्याच फुलांसाठी अस्वलेही येतात. पाचोळा वाजला तर तो वारा की अस्वल, हे त्या नऊ वर्षांच्या कानाला कळे. रोजच्या वापराने तो कान वाढला होता. माझ्या हजेरीपत्रकात मात्र कानासाठी रकाना नव्हता. एके दिवशी पोरगा आला नाही. मोह संपला, तरी आला नाही.

"त्या सोबत्यांना दुखत नाही का रे?" मी विचारले.

"आबाजी, खेळातले आहेत ते!" नातू हसला. "घ्या, आता तुमची पाळी."

मी चष्मा सावरून जखमा भरण्याचा मंत्र शोधला आणि एका सोबत्यावर टाकला.

"अहो, त्याला कुठे काय झालंय?"

"असू दे," मी म्हणालो. "वापरला तर वाढेल ना?"