हातात फाईल नसलेलं हैदराबाद

आम्ही परभणीकर हैदराबादला जातो ते बहुतेक आजारपणासाठी. मीही दोनदा गेले होते. एकदा सासूअम्मींच्या ऑपरेशनसाठी आणि तीन वर्षांपूर्वी यांच्या अँजिओप्लास्टीसाठी. दोन्ही वेळा स्टेशन, रिक्षा, दवाखाना, औषधांचं दुकान आणि परत स्टेशन, एवढंच शहर पाहिलं. चारमिनार पाहिला तो बिस्किटाच्या डब्यावर. घरी सोडलं त्या दिवशी हे म्हणाले, "एकदा या शहरात फाईल न घेता येऊ." मी "इन्शाअल्लाह" म्हणाले आणि ते मनात धरून ठेवलं.

गेल्या वर्षी शाळेतल्या आम्हा शिक्षिकांच्या भिशीत माझा नंबर लागला. दहा हजार रुपये हातात आले. मी यांच्यापुढे विषय काढला, तर हे शिलाईच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "फ्रिज बदलायला झालाय. मुलीची बारावी आहे. आपल्या वयाला हा इसराफ शोभतो का?" इसराफ, म्हणजे उधळपट्टी. हा शब्द मला लागला. बावीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. लग्नानंतर गेलो तेही नणंदेच्या घरी, नांदेडला.

वाद घालण्याऐवजी मी शाळेची एक कोरी वही काढली आणि यांच्याकडूनच हिशोब लिहून घेतला. रेल्वेचं जाणं-येणं स्लीपरने, 1,000. लॉज दोन रात्री, 2,400. खाणं 2,000. शहरातला प्रवास 1,200. तिकिटं 500. घरच्यांसाठी काहीतरी 1,500. उरलेले 1,400 अचानक येणाऱ्या खर्चासाठी. यांनी अट घातली की उसने पैसे नाहीत, हप्ता नाही, दहा हजार संपले की परत. माझी अट एवढीच की दुकानाचा फोन बंद.

वही भरली तरी यांचा चेहरा उतरलेलाच होता. रात्री जेवणानंतर खरं कारण निघालं. "त्या शहराचं नाव काढलं की छातीत धस्स होतं," हे म्हणाले. "तिथे परत काही झालं तर?" पैशाचं कारण नुसतं पुढे केलेलं होतं. मग आम्ही आमच्या इथल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, सपाटीवर खुशाल चाला, मोठी चढण नको, गोळ्या चुकवू नका. वहीत आणखी एक पान वाढलं. रोज एकच मोठं ठिकाण, दुपारी दोन तास झोप, गोळ्यांची वेळ. वाचक भगिनींनो, सहलीचं नियोजन करताना आधी पैसे मोजा, पण तिथेच थांबू नका. जोडीदाराला कशाची धास्ती आहे तेही विचारा.

दिवस ठरवताना दोन गोष्टी पाहिल्या. एक म्हणजे जानेवारी. हवा चांगली असते आणि नामपल्लीच्या मैदानावर नुमाईश भरलेली असते. 1938 पासूनचं हे प्रदर्शन सहसा 1 जानेवारीला सुरू होतं. दुसरी गोष्ट शुक्रवारची. सालारजंग म्युझियम आणि चौमहल्ला पॅलेस शुक्रवारी बंद असतात. न विचारता जाणाऱ्यांचा एक दिवस तिथेच वाया जातो. आम्ही शुक्रवार जुम्यासाठी आणि नुमाईशसाठी ठेवला. मी एक किरकोळ रजा टाकली. गुरुवारी मध्यरात्रीनंतर गाडी पकडायची, सकाळी काचीगुडा, आणि रविवारी संध्याकाळी परत.

पहिला धक्का लॉजवर बसला. फोनवर बाराशे सांगितलेल्या खोलीचे काउंटरवर अठराशे झाले, कारण नुमाईशची गर्दी. यांचा हात लगेच छातीकडे गेला, पण तो खिशातली वही काढायला! आम्ही सलाम करून बाहेर पडलो आणि दोन गल्ल्या पलीकडे चौदाशेची स्वच्छ खोली मिळाली. अचानक खर्चाच्या रकमेतून चारशे गेले, पण मनाला लागलं नाही, कारण ते आधीच बाजूला काढलेले होते. पुढच्यांसाठी सांगते, फोनवर दर ठरला की तो मेसेजवर लिहून मागा. राहायला नामपल्ली सोयीची. नुमाईश चालत जाण्याइतकी जवळ आणि मेट्रोचं स्टेशन दारात. चारमिनारपर्यंत मात्र मेट्रो नाही. एमजीबीएस स्टेशनला उतरून पुढे बस किंवा रिक्षा.

जुम्याची नमाज यांनी मक्का मशिदीत पढली. 1617 च्या सुमारास कुतुबशाहीत सुरू झालेलं हे बांधकाम 1694 मध्ये औरंगजेबाच्या काळात पुरं झालं. मी लॉजवरच जोहर पढून तासभर झोपले. परत आल्यावर हे सांगत होते, "आवारात केवढी माणसं! आणि एकानेही मला तब्येत कशी आहे विचारलं नाही." हे इतक्या आनंदाने सांगायची गोष्ट आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

बसमध्ये एक गंमत झाली. तेलंगणात बायकांना सरकारी बस मोफत, असं ऐकून मी ऐटीत आधार कार्ड पुढे केलं. कंडक्टर बाई हसल्या, "महाराष्ट्र का नक्को, अम्मा." सवलत तिथल्या रहिवासी स्त्रियांनाच आहे. पैसे द्यावे लागले, पण तो 'नक्को' ऐकून बरं वाटलं. आपल्या मराठीतला 'नको'च तो, दखनी बोलीत जाऊन बसलेला. मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानातच होता. माझ्या आजोबांच्या जमिनीचे कागद उर्दूत आहेत. ज्याने 1591 मध्ये चारमिनार उभारला तो मुहम्मद कुली कुतुबशाह स्वतः दखनीत शायरी करायचा. मी वर्गात हे कितीदा शिकवलं असेल, पण त्या कमानीखाली उभं राहून यांना सांगताना माझाच आवाज बदलला.

शनिवारी सकाळी लवकर गोवळकोंडा. फतेह दरवाजाशी टाळी वाजवली की ती वर बालाहिसारला ऐकू येते, अशी त्या किल्ल्याची ख्याती. वर जायला साडेतीनशेच्या वर पायऱ्या. हे म्हणाले, "तू जा. मी खाली बसून टाळी वाजवतो." मला एकटीने जाणं पटेना, पण यांनी पाण्याची बाटली हातात दिली आणि पाठवलंच. वर पोचले तेव्हा धाप लागली होती. कान देऊन उभी राहिले. खालून टाळ्या येत होत्या, एक नाही, अनेक. तिथे येणारा प्रत्येक माणूस टाळी वाजवून पाहतोच. यातली यांची कोणती, कळायला मार्ग नव्हता. मी सगळ्याच यांच्या समजून घेतल्या. खाली आल्यावर विचारलं, किती वाजवल्या? "तू दिसेनाशी झालीस तेव्हापासून वाजवतोच आहे," हे म्हणाले. तळवे लाल झाले होते.

रविवारी सकाळी खोली सोडली, बॅग लॉजच्या काउंटरवर ठेवली आणि सालारजंग म्युझियम गाठलं. पारदर्शक वाटणारा बुरखा घेतलेली रिबेका पाहिली. 1876 मध्ये बेंझोनी या इटालियन शिल्पकाराने ती संगमरवरातून घडवली. यांच्यातला शिंपी जागा झाला. "दगडाला एवढी बारीक चुणी कशी पडली असेल?" म्हणत हे तिच्यापुढून हलेचनात. दुपारी एका प्लेट बिर्याणीत दोघांचं पोट भरलं. मग लाड बाजारात मुलीसाठी लाखेच्या बांगड्या आणि सासूअम्मींसाठी दुपट्टा. माझ्यासाठी काही नको म्हटलं, तरी हिरव्या बांगड्यांचा एक जोड यांनी घेतलाच. शेवटी इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट. घराकरता एक डबाही घेतला, चारमिनारचं चित्र असलेला.

स्टेशनकडे जाताना रिक्षा त्याच दवाखान्यासमोरून गेली. मी यांच्याकडे पाहिलं. हे बाहेर बघत होते. मग म्हणाले, "त्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे तू रात्रभर बसली होतीस ना?" तीन वर्षांत पहिल्यांदा हे त्या रात्रीबद्दल बोलले. गाडी सुटेपर्यंत आम्ही त्याच रात्रीबद्दल बोलत होतो.

गाडीत वही उघडली. रेल्वे 1,040, लॉज 2,800, खाणं 1,900, शहरातला प्रवास 1,310, तिकिटं 400, खरेदी 1,500. एकूण 8,950. शिल्लक 1,050. यांनी ती रक्कम पुढच्या कोऱ्या पानावर मांडली आणि वर ठिकाणाची जागा रिकामी ठेवली. फ्रिज अजून जुनाच आहे. आवाज करतो, पण चालतो.

सोमवारी शेजारच्या खालाजान दारात आल्या. "हैदराबादला गेला होता म्हणे? दूल्हेमियाँची तब्येत बरी आहे ना?"

मी म्हणाले, "अलहम्दुलिल्लाह, बरी आहे. म्हणून तर गेलो होतो."