शिखर ते शिखर

भूम तालुक्यात कुंथलगिरीच्या डोंगरावरची जैन मंदिरांची पांढरी शिखरे वाटसरूला लांबूनच दिसतात. सडकेने जावे तर वळसा पडतो. शिखर नजरेसमोर धरून रानातून जावे तर वाट जवळची. पण मध्ये किती अडचणी! शेताशेताचे बांध, बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण, दगडाच्या ताली, एखादा ओढा. बालाघाटातल्या गुराख्याच्या पोराला मात्र या अडचणी अडचणी वाटतच नाहीत. बांधावर एक पाय टेकवून ते पलीकडे गेलेलेही असते.

वाचकहो, याच गोष्टीची परदेशात एक शर्यत झाली आहे. तिला स्टीपलचेस म्हणतात. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. 1752 साली आयर्लंडमध्ये दोघा घोडेस्वारांनी पैज लावली आणि बटेव्हंट गावच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, सुमारे चार मैल, घोडे रानातून पिटाळले. वाटेत दगडी भिंती, कुंपणे, चर, जे येईल ते ओलांडायचे. खूण एकच, समोरचा मनोरा. तिकडच्या खेड्यापाड्यांत हौशी शेतकरी आजही आपले घोडे घेऊन अशा शर्यतींत उतरतात.

पुढे माणसेही अशी शर्यत पायी धावू लागली. आता ती 3000 मीटरची असते. त्यात 28 वेळा अडथळा आणि 7 वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पुरुषांचा अडथळा तीन फूट उंच असतो. म्हणजे आपला बांध आणि आपला ओढाच, फक्त मैदानात आणून मांडलेला!

या शर्यतीत भारताचे नाव काढणारा गडी आपल्या शेजारचाच आहे. धाराशिवला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तिथला शेतकऱ्याचा मुलगा अविनाश साबळे. शाळा सहा किलोमीटर दूर, गाडीघोड्याची सोय नाही. म्हणून तो चालत-पळतच शाळेला जाई. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला आणि 2015 नंतर धावण्याकडे वळला. गोपाल सैनी यांचा 1981 सालचा राष्ट्रीय विक्रम त्याने 2018 साली भुवनेश्वरला मोडला. 1998 पासून राष्ट्रकुल स्पर्धेतील या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच नेत आला होता. 2022 साली बर्मिंगहॅमला अविनाशने त्यांतले रौप्यपदक ओढून आणले. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याने. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णही मिळवले. 2024 साली पॅरिसला त्याची वेळ 8 मिनिटे 9.91 सेकंद लागली. हा राष्ट्रीय विक्रम त्याने ऑलिंपिकच्या आधी केला, आणि त्यानंतर ऑलिंपिकची अंतिम फेरीही गाठली.

आता पहाटे भूम, वाशी, कळंब भागातल्या सडकेवर पाहा. पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी पोरे-पोरी अंधारातच धावत असतात. पोलीसभरतीत मुलांना 1600 आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. दम त्यांच्यात आहे, जिद्दही आहे. नाही ती जागा. पायाखाली कठीण डांबर आणि पाठीमागून भरधाव ट्रक. लेक परत येईपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नसतो.

यासाठी मोठे क्रीडासंकुलच हवे असे नाही. गावच्या गायरानाच्या कडेने दगड-काटे वेचलेली, मुरूम दाबलेली चारशे मीटरची एक वाट ग्रामसभेने ठरवली तर श्रमदानातून होऊ शकते. लाकडाचे चार ओंडके आडवे टाकले आणि एक चर खणला, की अडथळ्याची शर्यतही तिथेच शिकता येईल. ओंडका मात्र घट्ट रोवावा आणि चर उथळ ठेवावा, म्हणजे पाय मोडायचे भय नाही.

दुष्काळाने आपल्याकडून पुष्कळ नेले. पण बांध-ओढे ओलांडणारे चिवट पाय त्याला नेता आले नाहीत. त्या पायांना धावायला बिनधोक जागा देणे गावाच्या हाती आहे.